प्रतीची प्रत : अजिंठा, पारदर्शिका आणि डिजिटल चित्र

१

३० डिसेंबर १८६६ रोजी लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसला आग लागली. त्या आगीत जे काही भस्मसात झाले, त्यात मेजर रॉबर्ट गिल याने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून तयार केलेल्या तैलचित्रांचा समावेश होता. मद्रासच्या फौजेतील या अधिकाऱ्याची ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये या कामासाठी नेमणूक केली होती आणि त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे तो अजिंठ्याच्या परिसरात राहून या भव्य प्रती रंगवीत होता. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या प्रती आगीतून वाचल्या. मराठी वाचकाला गिल ठाऊक असतो तो बहुधा ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा'मुळे किंवा नितीन चंद्रकांत देसाई यांच्या २०१२ मधील चित्रपटामुळे. त्या दोन्ही ठिकाणी गिल आणि पारू यांची कथा केंद्रस्थानी आहे आणि ते स्वाभाविकही आहे. प्रस्तुत लेखाला मात्र गिलच्या प्रेमापेक्षा त्याच्या नोकरीत अधिक रस आहे. ती नोकरी होती प्रत काढण्याची.

गिलच्या प्रती गेल्यावर तेच काम पुन्हा हाती घेण्यात आले. १८७२ पासून १८८५ पर्यंत मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी (पेस्तनजी बोमनजी हे त्यांपैकीच एक) हंगामामागून हंगाम अजिंठ्यास जाऊन चित्रे उतरवीत राहिले. त्या प्रतीही लंडनलाच गेल्या आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथे लागलेल्या आगीत त्यांचाही मोठा भाग नष्ट झाला. उरलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्स यांनी दोन खंडांत आपले काम प्रसिद्ध केले. पुढे १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी तरुण चित्रकारांच्या साहाय्याने पुन्हा प्रती केल्या आणि त्या १९१५ मध्ये छापल्या गेल्या. त्यानंतर निजामाच्या राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात चार भागांत अजिंठा प्रसिद्ध केला. तेथे चित्रकाराच्या कुंचल्याची जागा छायाचित्राने घेतलेली होती.

दोन वेळा प्रती जळाल्या आणि दोन्ही वेळा ज्यांच्या नाशाच्या भीतीने त्या काढल्या होत्या ती मूळ चित्रे मात्र, जीर्ण का होईना, आपल्या जागी राहिली. नियतीचा उपरोध म्हणून हे सांगता येईल. पण त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि ती अधिक अस्वस्थ करणारी आहे. प्रत काढणाऱ्यांनी मूळ चित्र नीट दिसावे म्हणून त्यावर वॉर्निश चढविले. १९२०-२२ मध्ये निजाम सरकारने बोलावलेल्या चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी रंग टिकावेत म्हणून लाखेचा थर दिला. कालांतराने हे थर पिवळे-तपकिरी पडले आणि स्वातंत्र्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला ते उतरविण्याचे नाजूक काम वर्षानुवर्षे करीत राहावे लागले. म्हणजे जतनाच्या हेतूने केलेली कृती मूळ वस्तूत कायमचा बदल घडवून जाते. जुन्या पारदर्शिकांचे, म्हणजे आपण रोजच्या बोलण्यात ज्यांना स्लाइड म्हणतो त्यांचे, डिजिटल चित्रांत रूपांतर करण्याचे जे काम गेली पंचवीस-तीस वर्षे जगभर चालले आहे, त्याकडे या पार्श्वभूमीवर पाहावे असे मला वाटते. ते काम गिल आणि ग्रिफिथ्स यांच्याच परंपरेतले आहे आणि त्या परंपरेचे गुणदोषही त्यात उतरले आहेत.

२

पडद्यावर प्रकाशाने चित्र उमटविण्याची हौस छायाचित्रणाहून जुनी आहे. काचेवर रंगवलेले चित्र, मागे दिवा आणि पुढे भिंग, असा जादूचा कंदील सतराव्या शतकापासून युरोपात होता. आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांच्या मुलांनी १८९० च्या दशकात 'शांबरिक खरोलिका' या नावाने त्याचे खेळ केले. रामायण-महाभारतातील प्रसंग त्यांनी काचेच्या पट्ट्यांवर बारीक कुंचल्याने रंगविले आणि पट्ट्या सरकवून त्यांना हालचालीचा भास दिला. मायावी शंबरासुराची आठवण करून देणारे हे नाव मोठे अन्वर्थक आहे. त्या काचपट्ट्यांतल्या बऱ्याचशा सुदैवाने टिकल्या. पुढे चित्रपटगृहांत मध्यंतरापूर्वी दिसणाऱ्या साडीच्या दुकानाच्या, दंतमंजनाच्या आणि 'शांतता राखा'च्या स्लाइडी हे त्याच कंदिलाचे गरीब वंशज होत.

विद्यापीठीय कलेतिहास तर या कंदिलाच्या उजेडातच वाढला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन विद्यापीठांतून चित्रकलेची व्याख्याने काचेच्या पारदर्शिका दाखवून होऊ लागली. हाइनरिश व्योल्फ्लिन याच्या नावाशी निगडित असलेली, दोन चित्रे शेजारी शेजारी दाखवून त्यांची तुलना करण्याची पद्धत पुढे इतकी रुळली की कलेतिहासाची भाषाच तिने घडविली. 'याउलट येथे पाहा' हे वाक्य दोन प्रक्षेपकांशिवाय सुचले असते का, अशी शंका घेण्यास जागा आहे. चित्र किती मोठे, त्याचा पृष्ठभाग खडबडीत की गुळगुळीत, ते कोणत्या उंचीवर आहे, हे सारे पडद्यावर नाहीसे होते. हाताएवढे लघुचित्र आणि भिंतभर पसरलेले जातक सारख्याच आकाराची होऊन समोर येतात. पारदर्शिकेने कलेतिहासाला तुलना दिली आणि त्या मोबदल्यात परिमाणाची जाणीव काढून घेतली, असे म्हणता येईल.

यात रंग आला तो १९३५ नंतर. त्या वर्षी कोडॅक कंपनीने कोडाक्रोम ही रंगीत फिल्म आणली, प्रथम १६ मिलिमीटरच्या चलच्चित्रासाठी आणि पुढच्याच वर्षी ३५ मिलिमीटरच्या साध्या कॅमेऱ्यासाठी. तिचे संशोधक लिओपोल्ड गोडोव्स्की आणि लिओपोल्ड मॅनेस हे व्यवसायाने संगीतकार होते, एक व्हायोलिनवादक तर दुसरा पियानोवादक. त्यांची युक्ती समजून घेणे आपल्या विषयासाठी आवश्यक आहे. कोडाक्रोमच्या फिल्ममध्ये मुळात रंग नसतो. लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाची नोंद घेणारे चांदीच्या क्षारांचे तीन थर तेवढे असतात. रंग निर्माण करणारी द्रव्ये धुलाईच्या वेळी एकेका थरात बाहेरून आणून सोडली जातात, आणि मग चांदी काढून टाकली की निळसर-हिरवे, किरमिजी व पिवळे अशी तीन रंजकद्रव्ये उरतात. ही धुलाई इतकी किचकट होती की ती मोजक्या प्रयोगशाळांनाच साधे. याउलट एक्टाक्रोमसारख्या फिल्ममध्ये रंग घडविणारी द्रव्ये आधीपासूनच थरांत बसविलेली असत आणि ती साध्या प्रयोगशाळेतही धुता येई. ही सोय महागात पडली. धुलाईनंतर उरलेली द्रव्ये आणि त्या काळातील अस्थिर रंजके यांमुळे सत्तरीच्या दशकाच्या मध्यापूर्वीच्या कित्येक एक्टाक्रोम पारदर्शिका लालसर-गुलाबी होऊन बसल्या आहेत. कोडाक्रोम अंधारात ठेवली तर दशके उलटूनही ताजी वाटते. पण प्रक्षेपकाच्या प्रखर उजेडात मात्र तीच इतरांहून लवकर फिकटते.

३

अजिंठ्यात छायाचित्र घेणे म्हणजे अंधाराशी झटापट असते. लेणी खोल, दारातून येणारा उजेड दिवसभर फिरणारा, झगमगत्या दिव्याला चित्रांच्या काळजीपोटी मनाई. उन्हासाठी तयार केलेली फिल्म साध्या विजेच्या दिव्यात वापरली की सारे चित्र नारिंगी होते. दिव्यासाठी तयार केलेली फिल्म उन्हात निळी पडते. आणि लेण्यात बऱ्याचदा दोन्ही उजेड एकत्र असतात. त्यात लाखेचा पिवळा थर. मूळच्या निळ्यावर (तो निळा दूरदेशाहून आणलेल्या राजावर्ताचा) पिवळा पडदा आला की डोळ्यांना तो हिरवट दिसतो, आणि फिल्मलाही. बिनॉय बेहल यांनी १९९१ पासून अतिशय मंद उजेडात दीर्घकाळ भिंग उघडे ठेवून जी छायाचित्रे घेतली, ती पाहून अनेकांना अजिंठ्याचे रंग प्रथमच दिसल्यासारखे वाटले. ते रंग आधीही भिंतीवरच होते. आधीच्या उजेडाने आणि आधीच्या फिल्मने ते आपल्यापर्यंत पोहोचू दिले नव्हते, एवढेच.

तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगातील बहुसंख्य विद्यार्थ्यांना अजिंठा भेटला तो अशा पारदर्शिकांतूनच. अमेरिकेत ॲन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठात वॉल्टर स्पिंक यांनी उभे आयुष्य अजिंठ्याच्या कालनिश्चितीवर घालविले. लेण्यांचा दुसरा बहर वाकाटक सम्राट हरिषेणाच्या कारकिर्दीच्या आसपासच्या अवघ्या वीसेक वर्षांत, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात आटोपला, हा त्यांचा सिद्धांत अजून वादाचा विषय आहे. त्याच विद्यापीठातून दक्षिण आशियाई कलेच्या रंगीत पारदर्शिकांचे संच इतर विद्यापीठांना पुरविले जात आणि आज तो संग्रह डिजिटल रूपात पाहता येतो. स्पिंक यांच्या युक्तिवादाचे स्वरूप पाहिले तर पारदर्शिकेचे महत्त्व लगेच ध्यानात येते. एखाद्या स्तंभाचे शीर्ष अर्धवट का राहिले, दाराची बिजागरी कशी बदलली, रंगकाम कोणत्या कोपऱ्यात अचानक थांबले, अशा बारीकसारीक निरीक्षणांवर तो उभा आहे. तो तपासायचा तर हवे ते सर्व कोपरे टिपलेली, केव्हा टिपली हे माहीत असलेली, आणि पुन्हा मोठी करून पाहता येईल अशी चित्रे हवीत.

येथे पारदर्शिका आपली भूमिका बदलते. घेतली तेव्हा ती मूळ चित्राची प्रत होती. पण १९६० च्या सुमारास घेतलेल्या पारदर्शिकेत भिंतीची जी अवस्था आहे ती आज भिंतीवर नाही. त्यानंतर कुठे लाख उतरविली गेली, कुठे पापुद्रा गळाला, कुठे गिलाव्याची कड सिमेंटने बांधली गेली. त्या दिवसाची भिंत आता फक्त त्या पारदर्शिकेत आहे. तेवढ्यापुरती तीच मूळ वस्तू आहे, आणि तिची डिजिटल प्रत काढताना तिच्याशी मूळ वस्तूशी वागावे तसेच वागले पाहिजे.

४

वेळही थोडा उरला होता. कोडॅकने स्लाइड प्रक्षेपकांचे उत्पादन २००४ मध्ये थांबविले. १९६१ पासून गोल गोल फिरत आलेल्या कॅरोसेलचे चाक तेथे थबकले. २२ जून २००९ रोजी कोडाक्रोम बंद होत असल्याची घोषणा झाली. तिची धुलाई करणारी जगातील शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेतील कॅन्सस राज्यात पार्सन्स या लहानशा गावी होती. तिने शेवटचे रीळ स्वीकारण्याची मुदत ठेवली होती ३० डिसेंबर २०१०. क्रिस्टल पॅलेसच्या आगीचीच ही तारीख. योगायोगाला अर्थ नसतो. पण या वेळी आग लागली नव्हती, एक रसायनशास्त्र लोकांच्या हातून निसटले होते. पुढे २०१८ मध्ये एक्टाक्रोम पुन्हा बाजारात आली. कोडाक्रोम परतली नाही.

आपल्या हवेत आणखी एका शत्रूची भर पडते. फिल्मवरील थर जिलेटिनचा असतो आणि बुरशीला जिलेटिन फार आवडते. कोकणात किंवा मुंबईत चार पावसाळे लोखंडी पेटीत काढलेली पारदर्शिका उजेडात धरली तर आकाशाच्या जागी कोळिष्टकांसारखे तंतू दिसतात. काचेच्या चौकटीत बसविलेली पारदर्शिका सुरक्षित, हा समजही फसवा आहे. दोन काचांमध्ये कोंडलेला दमटपणा बाहेर पडत नाही. बुरशीने खाल्लेले जिलेटिन परत येत नाही आणि पाण्याने पुसायला जावे तर उरलेला थरही हाताबरोबर येतो.

मग डिजिटल प्रत काढायची म्हणजे नेमके काय करायचे? ३५ मिलिमीटर फिल्मवरील चित्र २४ गुणिले ३६ मिलिमीटरचे, म्हणजे काडेपेटीहूनही लहान असते. ते इंचाला ४००० बिंदू या हिशेबाने स्कॅन केले तर सुमारे ५६७० गुणिले ३७८०, म्हणजे २ कोटी १४ लाखांच्या आसपास बिंदू मिळतात. प्रत्येक बिंदूच्या तीनही रंगांसाठी १६-१६ बिट राखून ठेवले तर एका पारदर्शिकेची फाइल सुमारे १२८ मेगाबाइट होते. पाच हजार पारदर्शिकांचा संग्रह अशा रीतीने ६४० गिगाबाइट जागा घेतो. आज हा आकडा किरकोळ आहे. २००० साली तो कोणत्याही विभागाच्या कुवतीबाहेरचा होता. म्हणून त्या काळात पुष्कळ ठिकाणी वर्गातल्या प्रोजेक्टरच्या मापाने, १०२४ बिंदू रुंदीची, दाबून लहान केलेली चित्रे तयार करण्यात आली. अशा चित्रात जेमतेम सात लाख बिंदू असतात. म्हणजे पारदर्शिकेतून जे काढता आले असते त्याचा तिसावा हिस्सा. व्याख्यानाची गरज त्यातून भागली. संशोधनाची गरज भागणार नव्हती. आणि कित्येक ठिकाणी रूपांतर 'पूर्ण' झाल्यावर जागा मोकळी करण्यासाठी मूळ पारदर्शिका टाकून देण्यात आल्या.

दुसरा प्रश्न धुळीचा. चांगल्या स्कॅनरमध्ये एक सुंदर युक्ती असते. रंगीत फिल्मची रंजकद्रव्ये अवरक्त किरणांना जवळजवळ पूर्ण पारदर्शक असतात, पण धूळ आणि ओरखडे त्यांना अडवितात. म्हणून साध्या प्रकाशाबरोबर अवरक्त प्रकाशातही एक स्कॅन घेतला की धुळीचा नकाशा हाती येतो आणि संगणक तेवढ्याच जागा शेजारच्या रंगाने भरून काढतो. परंतु कोडाक्रोमचे निळसर-हिरवे रंजक अवरक्त किरणही काही प्रमाणात शोषते. त्यामुळे यंत्राला चित्रातला गडद भागच धूळ वाटू लागतो आणि खरा तपशील पुसला जातो. नंतरच्या काही यंत्रांनी यावर मार्ग काढला, तरी सर्वांत टिकाऊ फिल्मच या सोयीला सर्वांत कमी मानते हा पेच उरतोच. अवरक्त किरण न वापरता केवळ ठिपके शोधून पुसणारी जी सोपी साधने असतात, ती तर अजिंठ्याच्या बाबतीत अधिकच घातक. भिंतीवरून रंगाचा कण गळून उघडा पडलेला गिलावा चित्रात पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसतो. साधन तो पुसते. चित्र 'स्वच्छ' होते आणि पडझडीचा पुरावा नाहीसा होतो.

तिसरा प्रश्न चौकटीचा. पुठ्ठ्याच्या दोन इंची चौकटीवर घेणाऱ्याच्या हातचे काहीतरी लिहिलेले असते: लेणे क्रमांक, भिंत, दिशा, साल, कधी फक्त एक प्रश्नचिन्ह. एका कोपऱ्यात ठिपका असतो. चौकट सुलटी धरण्याची ती खूण. स्कॅनर यातले काहीच पाहत नाही. पारदर्शिका उलटी बसली तर पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या उजव्या हातातले नीलकमल डाव्या हातात जाते, आणि पुढे त्या चित्रावरून लिहिणाऱ्याला चूक कळायला दुसरे साधन नसते. पेटीतला क्रमही असाच अबोल पुरावा आहे. एखाद्या अभ्यासकाने कोणत्या चित्रानंतर कोणते दाखविले, हा त्याच्या युक्तिवादाचा सांगाडा असतो. फाइलींना यंत्राने दिलेल्या क्रमांकांत तो सांगाडा विरघळून जातो. चौकटीच्या दोन्ही बाजूंचे एक साधे छायाचित्र आणि पेटीतील जागेची नोंद, एवढ्याने हे सारे वाचते. पण हे काम कंटाळवाणे असल्यामुळे तेच प्रथम गाळले जाते.

५

सर्वांत कठीण प्रश्न रंगाचा आहे. समजा, १९६५ ची एक गुलाबी पडलेली पारदर्शिका आपल्या हाती आहे. संगणकावर तिचे रंग 'दुरुस्त' करणे अवघड नाही. उडालेल्या निळसर-हिरव्याचे बळ वाढवायचे, किरमिजी उतरवायचा, बघता बघता चित्र टवटवीत होते. पण कशाच्या आधारे? त्या गुलाबीपणात निदान चार गोष्टी मिसळलेल्या आहेत: लेण्यातला उजेड, भिंतीवरची जुनी लाख, फिल्मचा मूळचा कल आणि नंतरचा ऱ्हास. शेवटची एकच काढून टाकायला हवी. पण चित्राकडे पाहून या चारांची फारकत करता येत नाही. मग दुरुस्ती करणारा आपल्या मनातल्या अजिंठ्याशी पडद्यावरचा अजिंठा जुळवीत बसतो. त्याच्या मनातला अजिंठा आला कोठून? दुसऱ्या एखाद्या पुस्तकातून, दुसऱ्या फिल्मवरून, कदाचित दुसऱ्या कोणी आधीच दुरुस्त केलेल्या चित्रावरून. गिलने रोमन वळणाचे नाक आणि युरोपीय छायाप्रकाश नकळत अजिंठ्याच्या देहांत घातला, असा आक्षेप आपण सहज घेतो. माउस हातात घेतलेला आपल्यातला रंगदुरुस्तीकार त्याच्या जागी उभा असतो, एवढेच की त्याला आपण यंत्र चालवीत आहोत असे वाटते आणि म्हणून तो स्वतःवर संशय घेत नाही.

याला उपाय आहे आणि तो नवा नाही. ग्रंथसंपादनशास्त्राने तो केव्हाच सांगून ठेवला आहे. ज्ञानेश्वरीची पोथी संपादणारा पोथीतला पाठ प्रथम जसाच्या तसा उतरवून ठेवतो. दुरुस्ती सुचली तर ती निराळी देतो, आणि ती का सुचली हेही सांगतो. पारदर्शिकेच्या बाबतीतही पहिली फाइल कोणतीही सुधारणा न केलेली, फिकी तर फिकी, गुलाबी तर गुलाबी, अशीच राहिली पाहिजे. तिच्याबरोबर रंगांच्या ठरावीक पट्टीचाही स्कॅन हवा, म्हणजे यंत्राचा कल नंतर वजा करता येतो. दुरुस्त केलेले चित्र ही दुसरी, वेगळी फाइल. तिच्यावर दुरुस्ती करणाराचे नाव असावे. पाठ आणि पाठभेद यांतला फरक मिटला की संपादन संपते आणि पुनर्लेखन सुरू होते.

रंगाची नोंद करण्याचा आणखी एक मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी होऊन गेला आणि त्याची गोष्ट येथे उद्बोधक आहे. रशियाच्या सेर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की याने झारच्या आश्रयाने साम्राज्यभर हिंडून रंगीत छायाचित्रे घेतली. पण त्याच्या काचेवर रंग नव्हताच. तो एकाच दृश्याची लाल, हिरव्या आणि निळ्या काचेआडून लागोपाठ तीन कृष्णधवल छायाचित्रे घेई. तीन कंदिलांनी ती एकमेकांवर पाडली की पडद्यावर रंग प्रकट होई. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९४८ मध्ये या काचा त्याच्या वारसांकडून विकत घेतल्या आणि २००० नंतर त्यांचे स्कॅन करून तिन्ही चित्रे संगणकावर जुळविण्यात आली. शंभर वर्षांपूर्वीचा बुखाऱ्याचा अमीर आपल्या निळ्याभोर झग्यात असा काही समोर आला की लोकांचा विश्वास बसेना. यात जादू नव्हती. त्याने रंग साठविला नव्हता, रंगाची मोजदाद साठविली होती. आणि ती मोजदाद चांदीत होती, उडून जाणाऱ्या रंजकात नव्हती. रंग साठविणारी पारदर्शिका डोळ्यांना कोणत्याही मध्यस्थाशिवाय दिसते आणि हळूहळू विझत जाते. मोजदाद विझत नाही, मात्र ती वाचणारा लागतो.

डिजिटल फाइल प्रोकुदिन-गोर्स्कीच्या कुळातली आहे. ती फिकटत नाही; ती एक तर वाचता येते किंवा अजिबात येत नाही. १९९२ मध्ये कोडॅकने फोटो सीडी नावाची पद्धत आणली होती. पारदर्शिका दुकानात द्यायच्या आणि ३०७२ गुणिले २०४८ बिंदूंची चित्रे तबकडीवर घेऊन यायचे. अनेक संस्थांनी विश्वासाने आपले संग्रह तिच्यावर उतरविले. त्या फाइलींची बांधणी कंपनीने पूर्णपणे खुली केली नव्हती. काही वर्षांत पद्धत मागे पडली, संगणकातील आज्ञावल्यांनी तिला वगळले, आणि त्या तबकड्या उघडण्यासाठी जुन्या आज्ञावल्यांचा शोध घेण्याची पाळी आली. तबकडी धडधाकट, पण मुकी. त्याच संग्रहातल्या मूळ कोडाक्रोम पारदर्शिका मात्र खिडकीच्या उजेडात धरल्या की अजूनही बोलतात.

६

या साऱ्याचा इत्यर्थ डिजिटल रूपांतर करू नये असा कोणी काढू नये. ते करायलाच हवे आणि लवकर करायला हवे. महाराष्ट्रात किल्ले, मंदिरे, वाडे, वीरगळ, लोककला यांचा अभ्यास करणाऱ्या दोन पिढ्यांनी १९६० ते २००० या काळात आपल्या खिशातून पैसे घालून हजारो पारदर्शिका घेतल्या. त्यातली बरीच स्थळे आज तशी राहिलेली नाहीत. कुठे जीर्णोद्धाराच्या नावाखाली तैलरंग फासला गेला, कुठे फरशी बसली, कुठे धरणाचे पाणी आले. हे संग्रह आता त्यांच्या कुटुंबीयांच्या माळ्यावर आहेत आणि दर पावसाळ्यात त्यांचा थोडा थोडा भाग बुरशीच्या पोटात जातो आहे. तो वाचवायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. आज चांगला कॅमेरा, जवळचे टिपणारे भिंग आणि स्थिर पांढऱ्या उजेडाची पेटी एवढ्यावर उत्तम प्रती काढता येतात. लागतो तो क्रम: आधी पेटीची नोंद, मग चौकटीचे छायाचित्र, मग कसलीही दुरुस्ती न केलेले चित्र, खुल्या बांधणीच्या फाइलीत, निदान दोन ठिकाणी साठविलेले. आणि पाहून झाल्यावर मूळ पारदर्शिका कोरड्या, थंड, अंधाऱ्या जागी परत. कचऱ्यात नव्हे.

कारण आपली आजची प्रत ही शेवटची नाही. ग्रिफिथ्स यांना गिलची प्रत पुरेशी वाटत नव्हती, याझदानींना ग्रिफिथ्स यांची आणि बेहल यांना त्याआधीची. प्रत्येकाला भिंतीकडे परत जाता आले म्हणूनच आधीच्याची चूक दिसली. आपण काढलेल्या डिजिटल चित्रांतील चुका तीस वर्षांनी कोणाला दिसायच्या असतील, तर त्याला परत जाण्यासाठी काहीतरी शिल्लक ठेवणे आपल्या हाती आहे. भिंत बदललेली असेल. मग त्याच्यासाठी उरेल ती पुठ्ठ्याच्या चौकटीतली, कोपऱ्यात ठिपका असलेली, नखाच्या आकाराच्या अक्षरांत 'लेणे १७, डावी भिंत' असे लिहिलेली फिल्म.